शेपशिफ्टर, व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ घेऊन कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

अर्बन फॅन्टसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी अद्भुतकथा, बहुतेकदा मध्यावर अडते. सुरुवातीची प्रकरणं झपाट्यानं होतात, मग पात्रं नुसती बोलत बसतात, मारामाऱ्या वाढतात आणि लेखकाला वाटतं की कथानक कमी पडतंय. माझ्या मते कथानक क्वचितच कमी पडतं. कमी पडतात त्या पात्रांच्या मर्यादा.

सगळ्यात जास्त घोळ शेपशिफ्टरचा, म्हणजे रूप बदलू शकणाऱ्या पात्राचा होतो. नायिका कधीही, कोणाचंही रूप घेऊ शकत असेल तर तिला कोंडीत पकडणार कसं? त्यामुळे लिहायला बसण्याआधीच ठरवा: रूप बदलायला किती वेळ लागतो, ते किती टिकतं, जुनी जखम नव्या अंगावर राहते का, कपड्यांचं काय होतं. वजनाचाही विचार करा. वजन तेवढंच राहतं हा नियम मला फार आवडतो. साठ किलोच्या बाईला मग मांजर होऊन खिडकीतून सटकता येत नाही. फार तर ती बिबट्या होईल, आणि भर वस्तीत बिबट्याला लपायला जागा शोधावी लागते. तिथून प्रसंग आपसूक सुचत जातात.

शहराला नुसता पडदा म्हणून मागे टांगून ठेवणं ही दुसरी मोठी चूक. कॅमेरे, लिफ्ट, भाडेकरार, रात्रपाळ्या यांनी पात्रांना अडवलं पाहिजे. समजा, नायिका एका अधिकाऱ्याचं रूप घेऊन त्याच्या ऑफिसात शिरली. लिफ्टमध्ये तिच्या खिशातला फोन वाजायला लागतो. तो बंद करायला ती उघडू पाहते, तर फोन चेहरा ओळखत नाही आणि बोटाचा ठसाही जुळत नाही. शेजारी उभा असलेला सहकारी बघतोय की साहेबांना स्वतःचाच फोन उघडता येत नाहीये. इथे दात, नखं, रक्त काहीच नाही, तरी वाचक श्वास रोखून धरतो.

व्हॅम्पायरच्या, म्हणजे रक्त पिऊन जगणाऱ्या पिशाच्चाच्या बाबतीत ऐकीव नियम तसेच्या तसे उचलले जातात. उन्हात जळून मरणं हा काही त्यांचा आदिम गुणधर्म नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला व्हॅम्पायर, काउंट ड्रॅक्युला, दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा मर्यादित असतात. सूर्यप्रकाशानं नष्ट होणारा व्हॅम्पायर रूढ झाला तो १९२२च्या 'नॉस्फेराटू' या मूकपटापासून. म्हणजे निवड तुमची आहे. ऊन मारक ठरवलंत, तर प्रत्येक प्रकरणाच्या वर समासात सूर्यास्ताची वेळ लिहून ठेवा. उत्तर युरोपातल्या शहरात उन्हाळ्यात रात्र जेमतेम काही तासांची असते, तेवढ्यात त्याला शिकार करून परतायचंय. बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही, हा नियम घेतलात तर भाड्याच्या घरात आमंत्रण कोणाचं चालणार, मालकाचं की भाडेकरूचं, हेही ठरवून टाका.

वेअरवुल्फची, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाची गाडी चंद्रावर घसरते. दोन पौर्णिमांमध्ये सुमारे साडेएकोणतीस दिवसांचं अंतर असतं, तरी एकाच पंधरवड्यात दोनदा पूर्ण चंद्र दाखवणारी हस्तलिखितं सापडतात. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात उंच असतो. 'मध्यरात्री क्षितिजावर पूर्ण चंद्र उगवला' हे वाक्य म्हणूनच खटकतं. कथा दहा दिवसांत घडत असेल तर एकच पौर्णिमा मिळणार, ती कळसाच्या प्रसंगासाठी राखून ठेवा.

एखाद्या वयोवृद्ध पात्रानं तिन्ही जमातींचा चारशे वर्षांचा इतिहास एका बैठकीत सांगणं टाळाच. त्याऐवजी नियम कोणी मोडला की काय होतं ते दाखवा; मग तो वाचकाला कळतो, आणि लक्षातही राहतो.

कादंबरी आधीच अडली असेल तर सगळे नियम एका कागदावर उतरवा आणि हस्तलिखित पहिल्यापासून वाचा. पात्राला वाचवण्यासाठी जिथे नियम वाकवलाय तिथे खूण करा. कथा ढिली पडलेली असते ती बहुधा त्यानंतरच्याच पानांत. त्या जागी परत जा, पात्राला नियमाचा फटका बसू द्या आणि तिथून पुढचं नव्यानं लिहा. अपवाद हवाच असेल तर त्याची चाहूल दोन-तीन प्रकरणं आधी पेरून ठेवा.