मोठे व्हॉल्व्ह बसवावेत का? कसं ठरवायचं

‘मोठे व्हॉल्व्ह घाल, इंजिन मोकळं होईल’ असं सांगणाऱ्याला एकच विचारा: आत्ता हवा नेमकी कुठे अडतेय? उत्तर आलं नाही, तर त्याचं बाकीचं बोलणंही सोडून द्या. हेड (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह बसतात ते झाकण) उतरवून, धुऊन, तडे तपासून समोर ठेवलंय असं धरून पुढचं लिहितो.

१. इंजिन कुठल्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) राहणार ते ठरवा. बहुतेक वेळ ३०००-४००० वर चालणार असेल तर इथेच थांबा. व्हॉल्व्हसोबत पोर्टही (हेडमधली हवेची वाट) मोठं केलंत तर खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि टॉर्क जातो.

२. थ्रोट मोजा. थ्रोट म्हणजे सीटच्या (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या रिंगच्या) लगेच खालची सर्वांत अरुंद जागा. ती व्हॉल्व्हच्या व्यासाच्या साधारण ८५ ते ९० टक्के हवी. समजा इंटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह ३८ मिमीचा आहे आणि थ्रोट ३० मिमी, म्हणजे ७९ टक्केच. तो ३३.५ मिमीपर्यंत उघडला की थ्रोटचं क्षेत्रफळ सुमारे २५ टक्क्यांनी वाढतं, तेही जुन्याच व्हॉल्व्हवर. उलट थ्रोट तसाच ठेवून ४० मिमीचा व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे बोळ अरुंद ठेवून दरवाजा रुंद करणं.

३. लिफ्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो त्याचं, गणित करा. उघड्या व्हॉल्व्हच्या कडेभोवती हवेला मिळणारी वाट म्हणजे π × व्यास × लिफ्ट. लिफ्ट व्यासाच्या एक चतुर्थांश झाली की ही वाट व्हॉल्व्हच्या गोलाच्या क्षेत्रफळाएवढी होते. ३८ मिमीला ९.५ मिमी. तुमचा कॅम (व्हॉल्व्ह उचलणारा दांडा) ८ मिमीच उचलत असेल, तर ४० मिमीचा व्हॉल्व्ह घालून ही वाट जेमतेम ५ टक्के वाढेल. जुन्याच व्हॉल्व्हला ९ मिमी लिफ्ट दिली तर १२.५ टक्के. व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि तिला धरणारा रिटेनर यांची जागा तपासावी लागेल, पण मी आधी कॅमच बदलीन.

४. सिलिंडरची भिंत. मला सगळ्यात जास्त काळ छळलं ते या टप्प्याने, आणि सल्ले देणारे नेमका हाच गाळतात.

गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) जागेवरच राहतं. त्यामुळे व्हॉल्व्ह २ मिमीने मोठा केला की त्याची कड भिंतीच्या १ मिमी जवळ सरकते. भिंतीकडच्या बाजूने हवा नीट बाहेर पडत नाही. तेवढा घेर असून नसल्यासारखा होतो. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) लहान आणि व्हॉल्व्ह बोअरच्या अक्षाला समांतर असतील, तर मोठा व्हॉल्व्ह लहानापेक्षा कमी हवा सोडतो असंही होतं. तिरके व्हॉल्व्ह उघडताना भिंतीपासून दूर सरकतात, म्हणून अशा हेडला हा त्रास कमी.

फ्लो बेंचचा (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा दाखवून कोणी गळ घालत असेल तर दोन गोष्टी विचारा. चाचणीत हेडखाली कुठल्या बोअरची नळी होती? तुमच्या बोअरपेक्षा मोठी असेल तर भिंतीचा अडथळा त्या आकड्यात आलेलाच नाही. तो कागद परत द्या. दुसरं, दाबातला फरक किती होता? बहुतेक जण २८ इंच पाणी धरतात; वेगळ्या दाबावरचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवून उपयोग नाही.

आणि कमाल लिफ्टच्या आकड्यावर भाळू नका. व्हॉल्व्ह एका चक्रात तिथे एकदाच पोचतो, मधल्या प्रत्येक लिफ्टवरून मात्र दोनदा जातो. ३ ते ७ मिमीच्या पट्ट्यात काही वाढत नसेल, तर टोकाला वाढलेला आकडा मी खर्चाचं कारण मानत नाही.

५. जागा तपासा. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये इंटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्याला) २.५ मिमी अंतर धरा. टीडीसीवर (पिस्टन अगदी वर असताना) मोजून भागत नाही. पिस्टन आणि व्हॉल्व्ह सर्वांत जवळ येतात ते क्रँक टीडीसीच्या साधारण १० अंश आगेमागे असताना. मोठा व्हॉल्व्ह पिस्टनच्या खाचेच्या काठालाही लागू शकतो. ओव्हरलॅपमध्ये (इंटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे असताना) दोन व्हॉल्व्ह एकमेकांना भिडत नाहीत ना, तेही पाहा. व्हॉल्व्ह जड झाला म्हणजे जुनी स्प्रिंग वरच्या आरपीएमला पुरेलच असं नाही.

६. एक्झॉस्टला सहसा हात लावू नका. त्याचा प्रवाह इंटेकच्या ७५-८० टक्के असेल तर पुरे.

थ्रोट ८८ टक्क्यांच्या आसपास आहे, लिफ्ट व्यासाच्या चौथ्या भागापलीकडे जाते, तुमच्याच बोअरवर मधल्या लिफ्टला प्रवाह वाढतोय आणि इंजिन वरच्या आरपीएमलाच राबणार आहे, असं सगळं जमलं तरच मोठा व्हॉल्व्ह घ्या. मशीन शॉपला हेड देताना सीटची नवी रिंग बसवायला पाण्याच्या जॅकेटपर्यंत (इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पोकळीपर्यंत) पुरेसा धातू आहे का, हे कापायच्या आधी पाहायला सांगा. भिंतीजवळची वाट मोकळी करायला चेंबर (हेडमधली इंधन जळण्याची पोकळी) कोरून घेतलं असेल, तर त्याचं आकारमान पुन्हा सीसीमध्ये मोजा. ते वाढलेलं असतं आणि तेवढं कॉम्प्रेशन उतरलेलं असतं.