राउटरला टाचणी टोचू नका: लॅपटॉप वायफायला कनेक्ट होत नसेल तर या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चिपळूणला आत्याकडे गेलो होतो. ऑफिसचं थोडं काम होतं, म्हणून लॅपटॉप नेला होता. तिथे पोचल्यावर वायफायचा पासवर्ड टाकला, नाव आलं, पण खाली 'नो इंटरनेट'. चार-पाच वेळा बंद-चालू करून पाहिलं. शेवटी आत्याच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी घेतली, राउटरच्या मागच्या बारीक भोकात खुपसली आणि दहा सेकंद दाबून धरली. सगळे दिवे विझले, पुन्हा लागले. त्यानंतर माझ्या लॅपटॉपवरच काय, घरात कुणाच्याच कशावर नेट चालेना. आत्याचा टीव्हीसुद्धा.

"अरे, तू ते टोचलंस तेव्हापासून माझी मालिका बंद आहे," असं तिने मला तीन दिवस, दर जेवणाला ऐकवलं. तिसऱ्या दिवशी केबलवाला आला, राउटर पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "रीसेट कुणी मारला?"

तर पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. राउटर रीस्टार्ट करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करायचं, अर्धा मिनिट थांबायचं, परत चालू करायचं. हे कितीही वेळा करा, काही बिघडत नाही. भोकातलं बटण दाबून धरलं की मात्र राउटरची पाटी कोरी होते. वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि मुख्य म्हणजे केबलवाल्याने कनेक्शन देताना त्यात भरलेलं युजरनेम आणि त्याचा पासवर्डही जातो. मोठ्या कंपन्यांचे काही डबे ही माहिती लाइनवरून आपोआप परत घेतात. गावच्या, गल्लीतल्या ऑपरेटरच्या कनेक्शनला बहुधा ती हाताने भरावी लागते, आणि ती आपल्याकडे कुठेही लिहिलेली नसते.

गंमत पुढेच आहे. केबलवाल्याने सगळं पुन्हा भरून दिलं, आत्याची मालिका सुरू झाली, आणि माझा लॅपटॉप तरीही 'नो इंटरनेट'च म्हणत राहिला. दोष राउटरचा नव्हताच.

आधी दोष कुणाचा ते पाहा

नेट तुमच्यापर्यंत तीन टप्प्यांत येतं: बाहेरून येणारी लाइन, घरातला राउटर आणि तुमचा लॅपटॉप. कुठे अडलंय हे कळायला दोन मिनिटं पुरतात, पण ती दोन मिनिटं कुणी देत नाही. मीही दिली नव्हती.

एक, घरातला मोबाइल त्याच वायफायवर टाका आणि एखादी साइट उघडा. हे करताना मोबाइल डेटा बंद करा. इथे हमखास फसगत होते. वायफायला नेट नसलं की फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो, आणि आपण छातीठोकपणे सांगतो की "माझ्या मोबाइलवर तर वायफाय मस्त चाललंय."

दोन, त्याच मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालला आणि घरच्या वायफायवर नाही, तर गडबड राउटरमध्ये किंवा या दोघांच्या जुळण्यात आहे. हॉटस्पॉटवरही चालला नाही, तर राउटरला हात लावू नका, लॅपटॉप बघा. मी हे आधी केलं असतं तर टाचणी डब्यातच राहिली असती.

मोबाइलवरही नेट नसेल तर फायबरच्या, म्हणजे नेट उजेडाच्या रूपात आणणाऱ्या काचेच्या बारीक वायरीच्या, डब्याचे दिवे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत उजेडच पोचत नाहीये. कुठेतरी वायर तुटली आहे किंवा डब्यामागे पार वाकली आहे. कोकणात हे काम माकडं करतात, पुण्यात रस्ता खोदणारे. केबलवाल्याला फोन करून "नेट चालत नाही" न म्हणता "एलओएस लाल आहे" म्हणा. पलीकडून "राउटर बंद-चालू करून बघा" असं उत्तर येण्याची शक्यता बरीच कमी होते.

ऑफिसचं लॅपटॉपमध्ये राहिलेलं

माझ्या लॅपटॉपचं दुखणं असं होतं: ऑफिसमध्ये कुणीतरी त्यात आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा क्रमांक, हाताने भरून ठेवला होता. राउटर एरवी प्रत्येक यंत्राला आपला पत्ता स्वतः देतो. आत्याचा राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होता आणि माझा लॅपटॉप ऑफिसचा १९२.१६८.१० वाला (तिसरा आकडा एक नव्हे, दहा) पत्ता कवटाळून बसला होता. चिपळूणच्या घराला सदाशिव पेठेचा पिनकोड घातल्यावर पत्र पोचेल कसं?

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वाय-फाय' आणि 'हार्डवेअर प्रॉपर्टीज' असं जा. तिथे 'आयपी असाइनमेंट' समोर 'मॅन्युअल' दिसलं तर 'एडिट' दाबून 'ऑटोमॅटिक' करा. पण ऑफिसचा लॅपटॉप असेल तर जुने आकडे आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सोमवारी लागतील. त्याच पानावर आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर त्याचा अर्थ वेगळा. लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता ठरवून घेतला. अशा वेळी राउटर रीस्टार्ट केल्यावर बहुतेकदा काम होतं.

ऑफिसचा व्हीपीएन किंवा प्रॉक्सी, म्हणजे नेट ऑफिसच्या वाटेने फिरवणारी सोय, चालू राहिली असेल तरी हेच होतं. वायफाय जोडलेलं, साइट एकही उघडत नाही.

पासवर्ड "बरोबरच" टाकलाय?

पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, म्हणून चूक कळत नाही. शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा आणि आपण काय टाइप केलंय ते वाचा. शून्य आणि ओ, एक आणि स्मॉल एल, चालू राहिलेलं कॅप्स लॉक हे नेहमीचे चोर. मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक: कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून इंग्रजीवर या. काही छोट्या जुन्या लॅपटॉपवर नम लॉक चालू असलं की यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ उमटतात. माझ्या एका मित्राने यापायी आख्खा रविवार घालवला होता.

राउटरचा पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो. 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये जाऊन ते नाव 'फर्गेट' करा आणि नव्याने जोडा.

वायफायची खूणच दिसत नसेल तर

एअरप्लेन मोड बघा. वरच्या एफ-बटणांच्या रांगेत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं, लॅपटॉप पुसताना ते दाबलं जातं. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायची सरकती कळही असायची.

ते ठीक असेल तर लॅपटॉप रीस्टार्ट करा. "मी तर शटडाउन करून पाहिलं" हे उत्तर मला दर वेळी मिळतं. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असली की शटडाउन केल्यावर सिस्टिमचा काही भाग जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी उचलला जातो, बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही. किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, तेही पूर्ण बंद होणं असतं. एवढं करूनही खूण आली नाही तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चालू करा. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण अडकलेलं वायफाय कार्ड कधीकधी एवढ्यानेही जागं होतं.

ड्रायव्हर काढून मोकळे होऊ नका

यूट्यूबवरचा सल्ला ऐकून लोक 'डिव्हाइस मॅनेजर' उघडतात आणि वायफाय कार्डावर 'अनइन्स्टॉल' मारतात. नुसतं तेवढंच केलं तर रीस्टार्टनंतर विंडोज बहुतेकदा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, परत बसवतं. पण तिथे एक चौकोन असतो, ड्रायव्हरच्या फाइलीसुद्धा पुसायच्या का असं विचारणारा. त्यावर टिक केली की झालं. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही.

इथे अडकलाच तर मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. अँड्रॉइड फोन असेल तर लॅपटॉपला वायफाय कार्डाशिवाय नेट मिळतं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधून ड्रायव्हर तिथूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका.

'नेटवर्क रीसेट' हा विंडोजमधला पर्यायही शेवटचाच. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, आणि व्हीपीएनही पुन्हा बसवावा लागू शकतो.

नवा राउटर, जुना लॅपटॉप

राउटर बदलल्यावर बाकी सगळं चालतं आणि एक जुना लॅपटॉप तेवढा हटून बसतो, हे अलीकडे बरंच ऐकू येतं. जुन्या कार्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कळतो, ५ चा दिसतच नाही. वायफायच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं असतं ते याच ५ गिगाहर्ट्‌झचं, मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं, राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ वर (वायफायला कुलूप घालायच्या नव्या पद्धतीवर) ठेवली असेल तर जुने लॅपटॉप जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडा. पण पासवर्डच काढून 'ओपन' करून ठेवू नका, शेजारी दुवा देतील तेवढाच फायदा. तिसरं, इंटेलच्या काही कार्डांचे जुने ड्रायव्हर वायफाय ६ च्या राउटरचं नावसुद्धा दाखवत नाहीत. ड्रायव्हर नवा टाकला की दिसतं.

घड्याळही एकदा बघा. लॅपटॉपची तारीख मागे गेली असेल तर वायफाय जोडलं जातं, पण प्रत्येक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवते. तारीख सारखी मागे जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपला असण्याची शक्यता आहे.

आणि राउटर लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजवर ठेवू नका. आत्याच्या घराला जांभ्या दगडाच्या दीड फुटी भिंती आहेत, माजघरात एक कांडी रेंज येते. मी परवा गेलो तेव्हा राउटर हलवून बाहेरच्या खोलीत उंचावर लावू म्हटलं. तिने लावू दिला, पण मी तो हातात घेतल्यापासून खिळ्याला अडकवेपर्यंत ती शेजारी उभी होती. मागच्या भोकावर तिने चिकटपट्टीचे दोन थर लावून ठेवले आहेत.