पॅनेल तापतंय? आणखी पंखा लावण्याआधी या चुका टाळा

मे महिना लागला की दुपारी दोनच्या पुढे माझा फोन वाजायला लागतो. बडोद्याच्या आसपासची मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), वाघोडिया, सावली, कुठूनही फोन असो, तक्रार एकच: "ड्राइव्ह ट्रिप होतोय, ओव्हरहीट दाखवतोय." ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, ट्रिप म्हणजे ते स्वतःहून बंद पडणं, आणि ते ज्या लोखंडी कपाटात असतं ते पॅनेल. तिथे पोचलो की दृश्यही ठरलेलं. पॅनेलचं दार सताड उघडं आणि समोर घरघरणारा उभा पंखा.

हे उघडं दार मला सगळ्यात जास्त खुपतं. आत ४१५ व्होल्टचे टर्मिनल आहेत आणि शेजारून हेल्पर लोखंडी पाइप खांद्यावर घेऊन जातोय. एवढं एक कारण पुरायला हवं, पण प्रॉडक्शनची घाई असली की ते कुणाला पटत नाही. म्हणून हवेच्या भाषेत सांगतो. दार बंद असतं तेव्हा छतावरचा पंखा हवा खालच्या फिल्टरमधून ओढतो आणि ती ड्राइव्हला घासून वर जाते. दार उघडलं की त्याच पंख्याला जवळची वाट सापडते. तो दाराच्या वरच्या भागातूनच हवा घेतो आणि खालच्या कोपऱ्यातली गरम हवा जागची हलत नाही. शिवाय उभा पंखा शेडमधली सगळी धूळ हीटसिंकच्या, म्हणजे ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पात्यांमध्ये नेऊन बसवतो. पुढच्या उन्हाळ्यात दार बंद ठेवूनही ट्रिप यायला लागतं, आणि तेव्हा दोष ड्राइव्हच्या कंपनीला दिला जातो.

दुसरी चूक म्हणजे हवा बाहेर काढायची सोय करणं आणि आत घ्यायची विसरणं. मकरपुऱ्यातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून साच्यातून ढकलणाऱ्या मशीनचा) ३० एचपीचा ड्राइव्ह रोज दुपारी ट्रिप व्हायचा. तिथल्या वायरमनने छतावर आधी दोन एक्झॉस्ट लावले, मग आणखी दोन. ट्रिप कमी व्हायच्या ऐवजी वाढले. मी गेलो तर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, चारे पंखा चालू छे."

माझ्या बॅगेत टेस्टरच्या शेजारी अगरबत्तीचा पुडा असतो. एक पेटवून दाराच्या खालच्या फिल्टरसमोर धरली. धूर सरळ वर गेला, आत अजिबात ओढला गेला नाही. दार उघडून पाहिलं तर फिल्टरच्या बरोबर मागे ड्रॉइंग ठेवायचा खिसा चिकटवलेला, मॅन्युअल आणि जुन्या चलनांनी फुगलेला. फिल्टरची गादी काढली तर धुळीने घोंगडीसारखी झालेली. मग हवा येत कुठून होती? अगरबत्ती ग्लँड प्लेटपाशी, म्हणजे केबल जिथून आत येतात त्या पत्र्यापाशी, नेली आणि धूर सुळ्ळकन आत गेला. केबल न टाकलेली तीन भोकं तशीच उघडी होती. म्हणजे पॅनेल केबल ट्रेंचमधली धूळ श्वासात घेत होतं. शेवटी शिडी लावून वर गेलो. चारपैकी एक पंखा जाम होता, आणि त्याच्या जाळीवर धरलेला धूर खाली, पॅनेलच्या आत ओढला जात होता. उरलेले तिघं त्याच्याच भोकातून हवा घेऊन बाहेर फेकत होते. वरची हवा वरच फिरत होती. खाली ड्राइव्ह भाजत होता.

मी नवीन काही विकत घ्यायला लावलं नाही, गादी तेवढी बदलली. खिसा दाराच्या वरच्या भागात हलवला. ग्लँड प्लेटची भोकं बंद केली. छतावरचे दोन पंखे, त्यातला जाम झालेला तर नक्कीच, काढून त्या जागी पत्रा लावला. जो चांगला होता तो खाली फिल्टरच्या मागे, हवा आत ढकलेल असा बसवला. संध्याकाळी पाचपर्यंत तिथेच थांबलो. ट्रिप आला नाही.

शक्य असेल तिथे मी पंखा खालीच बसवतो. आतला दाब थोडा जास्त राहतो, त्यामुळे फटींमधून धूळ आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते. पंख्यालाही गार हवा मिळते, बेअरिंग जास्त टिकतं. अगरबत्ती मात्र सॉल्व्हंट किंवा गॅस असलेल्या प्लांटमध्ये चुकूनही पेटवू नका, तिथे टिश्यू पेपरची पट्टी धरा.

हिशोब न करता पंखा घेणं, ही तिसरी. नवीन मुलं विचारतात, "सर, चार इंची एक पुरेल ना?" अरे, गुणाकार तरी करून बघ. ड्राइव्हमधून जाणाऱ्या पॉवरच्या साधारण ३ टक्के उष्णता होते. वरच्या ३० एचपीच्या, म्हणजे २२ किलोवॅटच्या ड्राइव्हला धरा ६६० वॅट. वॅटला ३.१ ने गुणा आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात जेवढा फरक चालेल त्याने भागा. १० अंश फरक चालत असेल तर तासाला सुमारे २०५ घनमीटर हवा लागते, ५ अंशच चालत असेल तर दुप्पट. चार इंची पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि फिल्टर लागला की तो निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली.

आणि पंखा बाहेरच्या हवेपेक्षा गार काहीच करू शकत नाही. बडोद्यात मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश, पत्र्याच्या शेडखाली आणखी जास्त. बरेच ड्राइव्ह पूर्ण लोडला ४० अंशांपर्यंतच धरलेले असतात, पुढे लोड कमी करावा लागतो. ड्राइव्हमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. अशा जागी पॅनेल एसी लावा, किंवा ड्राइव्ह एक साइज मोठा घ्या. पाचवा पंखा नको.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. पंख्याच्या बॉडीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो बघून बसवा. छोट्या थर्मोस्टॅटमध्ये (तापमान बघून चालू-बंद होणाऱ्या स्विचमध्ये) लाल नॉब हीटरसाठी, निळा पंख्यासाठी. लाल लावला तर पंखा थंडीत फिरतो आणि उन्हाळ्यात थांबतो, हे मी तीनदा पाहिलंय. ड्राइव्हच्या वर-खाली मॅन्युअलमध्ये सांगितलेली मोकळी जागा सोडा, बहुतेक वेळा ती १०० मिलिमीटर असते, आणि तिथे वायरिंग डक्ट आणू नका. पंख्याची सप्लाय मेन कॉन्टॅक्टरच्या (मशीनची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) नंतर घेऊ नका, मशीन थांबल्यावरही आत उष्णता असते. फिल्टरच्या जागी सोफ्याचा फोम नको. नंदेसरीसारख्या केमिकलच्या पट्ट्यात बाहेरची हवा आत घेऊच नका, तांबं काळं पडतं.

चालू पॅनेलमध्ये जिगसॉने भोक पाडणाऱ्याला मी साइटवर उभा करत नाही. लोखंडाचा कीस बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या उघड्या पट्टीवर, पडला की पुढे सांगायला नको. शटडाऊन घ्या, खाली ओलं फडकं पसरा, नंतर व्हॅक्यूम मारा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कीस आणखी आत जातो.

एकच टर्मिनल किंवा एकच एमसीबी तापत असेल तर ते ढिलं कनेक्शन असतं. तिथे पंखा लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सप्लाय बंद करून टॉर्क रेंचने आवळा.

पॅनेल एसी लावल्यावर मात्र जुने लुव्हर (हवेसाठी ठेवलेल्या खाचा) पत्र्याने बंद करायला विसरू नका. जुलैत ओली हवा त्यातून आत येते आणि थंड भागावर पाणी धरतं. मी पहिला पाऊस पडला की एसीच्या ड्रेनच्या नळीत वाटीभर पाणी ओतून ते खाली पोचतंय का बघतो, आणि दाराचं रबर बोटाने चाचपून घेतो.