हातातल्या कन्सोलवर जुन्या गेम्सचा संग्रह कसा निवडावा आणि कसा लावावा

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, किंवा घरच्या टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर कॅसेट घालून ज्यांनी गेम्स खेळल्या, त्यांना त्यांतल्या कित्येक गेम्स आज अधिकृत संग्रहांच्या रूपाने हातातल्या कन्सोलवर मिळतात. असा संग्रह घेताना खोक्यावर छापलेल्या गेम्सच्या संख्येला मी फार महत्त्व देत नाही. दहाच गेम्स असल्या तरी चालतील, पण त्या योग्य आवृत्तीत आणि नीट बसवलेल्या असाव्यात.

सर्वप्रथम आपल्याला खरोखर खेळायच्या असलेल्या पाच-सहा गेम्सची नावे लिहून काढावीत आणि ती संग्रहाच्या पूर्ण यादीशी ताडून पाहावीत. आपल्याकडे ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखली गेलेली, कॅपकॉम या जपानी कंपनीची ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) ही गेम अनेकांना हवी असते. पण ती एका कॉमिक्सवर आधारलेली असल्यामुळे तिचे हक्क एकट्या कॅपकॉमकडे नाहीत. म्हणूनच ‘फायनल फाइट’ आणि ‘कॅप्टन कमांडो’ यांच्यासह सात गेम्स असलेल्या ‘कॅपकॉम बीट एम अप बंडल’मध्ये (२०१८) ती सापडत नाही. हजारो गेम्स आधीच भरून विकल्या जाणाऱ्या स्वस्त यंत्रांत ती दिसते, परंतु त्या बहुतेक प्रती विनापरवाना असतात आणि त्यातला पैसा मूळ निर्मात्यांपर्यंत पोहोचत नाही.

यानंतर आवृत्ती तपासावी, कारण खेळण्याचा सगळा अनुभव तिच्यावर अवलंबून असतो. कोनामीच्या ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये (२०१९) घरगुती, म्हणजे टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरची, ‘कॉन्ट्रा’ अमेरिकन आणि जपानी अशा दोन्ही रूपांत दिलेली आहे. जपानी आवृत्तीत टप्प्यांच्या दरम्यान नकाशा दिसतो आणि काही ठिकाणची पार्श्वभूमी हलती आहे. याच मालिकेतल्या ‘हार्ड कोअर’ या गेमच्या अमेरिकन आवृत्तीत एका फटक्यात जीव जातो, तर जपानी आवृत्तीत तीन फटके सोसता येतात. तसेच युरोपातल्या पाल या प्रसारण पद्धतीच्या टीव्हीसाठी काढलेल्या जुन्या आवृत्त्या सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रे दाखवत असल्यामुळे त्यांतल्या पुष्कळशा गेम्स सुमारे एक षष्ठांशाने संथ चालतात. आवृत्ती बदलण्याची सोय असेल, तर ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांची, निवडावी.

कन्सोल निवडताना निन्टेन्डो कंपनीचा स्विच हा हातातला कन्सोल भारतात अधिकृतपणे विकला जात नाही हे लक्षात घ्यावे. दुकानात मिळतो तो आयात केलेला असतो, म्हणून वॉरंटी कोण देणार हे आधीच विचारून घ्यावे. सोनीचा जुना हातातला कन्सोल पीएसपी जुन्या बाजारात किंवा ओळखीतून मिळाला, तर मागचे झाकण उघडून बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहावे आणि डिस्क घालून ती वाचली जाते याची खात्री तिथेच करावी. ‘मेटल स्लग अँथॉलॉजी’सारखे संग्रह पीएसपीवर डिस्कवर आले होते, पीएसपी गो या मॉडेलमध्ये मात्र डिस्कची सोयच नाही.

शक्य असेल तिथे कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये घालायची गेमची छोटी कॅसेट, घ्यावे. सेगा कंपनीने आपल्या मेगा ड्राइव्ह या जुन्या कन्सोलवरच्या गेम्सचा ‘मेगा ड्राइव्ह क्लासिक्स’ हा संग्रह डिसेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रीतून काढून घेतला. ज्याच्याकडे कार्ट्रिज आहे तो ते आजही खेळू शकतो, पुढे दुसऱ्याला देऊही शकतो. ऑनलाइन खरेदीचे कार्ड घ्यायचे झाल्यास ते आपल्या खात्याच्या देशाशी जुळणारेच घ्यावे.

गेम सुरू झाल्यावर आधी डिस्प्ले सेटिंग उघडावे. चित्र ताणून पूर्ण पडदा भरणारा पर्याय बंद करावा, कारण त्याने माणसे बुटकी आणि जाड दिसतात. स्विचचा पडदा १२८० बाय ७२० पिक्सेलचा आहे. मेगा ड्राइव्हचे ३२० बाय २२४ चे चित्र बरोबर तिप्पट केले की ९६० बाय ६७२ होते, म्हणजे ते पडद्यात पूर्ण मावते आणि प्रत्येक ठिपका रेखीव राहतो. काही कडा काळ्या राहतात, त्या राहू द्याव्यात. टीव्हीसारख्या आडव्या रेघा दाखवणारा फिल्टर लहान पडद्यावर चित्र काळवंडून टाकतो, म्हणून माझ्या मते तो बंदच बरा.

मग बटणे लावावीत. उडी आणि गोळी यांची बटणे शेजारी असावीत, म्हणजे एकाच अंगठ्याने दोन्ही दाबता येतात. ‘स्ट्रीट फायटर’ला सहा बटणे लागतात; त्यांतले जोरदार ठोसा आणि जोरदार लाथ कन्सोलच्या वरच्या कडेला असलेल्या (शोल्डर) बटणांवर द्यावेत.

सेव्ह स्टेटचा, म्हणजे गेम त्या क्षणी आहे तशी जपून ठेवण्याच्या सोयीचा, वापर प्रत्येक टप्प्याच्या आरंभी करावा आणि किमान दोन जागा आलटून पालटून वापराव्यात. मरण्याच्या क्षणी चुकून सेव्ह झाले, तरी आधीची जागा शिल्लक राहते. दोघांनी मिळून खेळायचे असेल, तर साध्या स्विचच्या दोन बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर (जॉय-कॉन) काढून प्रत्येकाने एक आडवा धरावा. स्विच लाइट या मॉडेलचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, त्यामुळे त्यासाठी वेगळे कंट्रोलर जोडावे लागतात.