अ‍ॅन्सिबल-गॅलक्सीच्या साहाय्याने स्वतःचे कलेक्शन तयार करणे आणि प्रकाशित करणे

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्याचे हिशेब, विश्रामबागेतील पतसंस्थेच्या ठेवींच्या नोंदी आणि कुपवाड एमआयडीसीतील कारखान्याचा माल-साठा वेगवेगळ्या सर्व्हरवर असला, तरी देखभाल करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी बहुतेक तीच कामे करावी लागतात: वेळक्षेत्र लावणे, रात्री डेटाबेसचा बॅकअप घेणे आणि तो शहराबाहेरच्या यंत्रावर पाठवणे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर यातले शेवटचे काम ऐच्छिक मानण्याची सोय सांगलीत उरलेली नाही. ही कामे अ‍ॅन्सिबल या, अनेक सर्व्हर एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या साधनाच्या प्लेबुकात, म्हणजे कामांची क्रमवार यादी असलेल्या फाइलीत, लिहिता येतात. परंतु एका गिऱ्हाइकाचे प्लेबुक कॉपी करून दुसऱ्यासाठी त्यातले पत्ते बदलण्याची पद्धत पडली, की हळूहळू प्रत्येक प्रत वेगळी होते आणि एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे पोहोचत नाही. सामाईक भाग कलेक्शन (एकत्र बांधून वाटता येणारा संच) म्हणून वेगळा काढून, त्याला आवृत्ती क्रमांक देऊन, सगळीकडे तोच बसवणे हा त्यावरचा उपाय आहे.

खालील कमांड वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्यात. अ‍ॅन्सिबल चालवणारे यंत्र लिनक्स किंवा मॅक असावे. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, घ्यावी लागते. पायथनचे आभासी वातावरण तयार करून त्यात ‘पिप इन्स्टॉल अ‍ॅन्सिबल-कोअर’ एवढे पुरते, कारण अ‍ॅन्सिबल-गॅलक्सी ही कमांड त्याच्याबरोबरच येते.

सुरुवातीला ‘अ‍ॅन्सिबल_कलेक्शन्स’ याच नावाचे फोल्डर करून त्यात काम करावे. हे नाव आपल्या आवडीचा प्रश्न नाही. पुढे चाचणीसाठी लागणारी अ‍ॅन्सिबल-टेस्ट ही कमांड याच रचनेची अपेक्षा धरते. त्या फोल्डरमध्ये पुढील कमांड द्यावी:

अ‍ॅन्सिबल-गॅलक्सी कलेक्शन इनिट आमराई.पतसंस्था

टिंबाच्या आधीचा भाग नेमस्पेस (प्रकाशकाचे नाव) आणि नंतरचा कलेक्शनचे नाव. येथील ‘आमराई’ उदाहरणापुरते आहे. गॅलक्सीच्या, म्हणजे कलेक्शन सर्वांना उपलब्ध करून देणाऱ्या, संकेतस्थळावर गिटहब खात्याने प्रवेश केल्यावर जी नेमस्पेस मिळते, तीच वापरावी. दोन्ही नावांत लहान अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच चालते, हायफन चालत नाही. तयार झालेल्या फोल्डरमधील ‘रोल्स’मध्ये जाऊन ‘अ‍ॅन्सिबल-गॅलक्सी रोल इनिट बॅकअप’ ही कमांड दिली, की रोलचा, म्हणजे एका कामाचे टास्क (पायऱ्या) आणि मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या फोल्डरचा, सांगाडा उभा राहतो.

खरे काम येथून पुढे आहे. रोल पुन्हा वापरता येईल की नाही, हे त्यातल्या टास्कपेक्षा बदलणाऱ्या गोष्टी कोठे ठेवल्या आहेत यावर ठरते. गिऱ्हाइकागणिक बदलणारे सर्व काही, म्हणजे बॅकअपची वेळ, किती दिवसांच्या प्रती ठेवायच्या, दूरच्या यंत्राचा पत्ता, ‘डिफॉल्ट्स’ फोल्डरमधील मुख्य फाइलमध्ये लिहावे, कारण तेथील मूल्यांना सर्वांत कमी अग्रक्रम असतो आणि ती इन्व्हेंटरीतून (सर्व्हरची यादी आणि त्यांची मूल्ये असलेली फाइल) सहज बदलता येतात. हीच मूल्ये ‘व्हार्स’ फोल्डरमध्ये ठेवली, तर ती इन्व्हेंटरीला जुमानत नाहीत आणि गिऱ्हाइकाची फाइल बरोबर असूनही सर्व्हरवर जुनेच मूल्य का उतरते, याचा शोध घेत बसावे लागते. व्हेरिएबलच्या, म्हणजे अशा बदलत्या मूल्याच्या, नावाआधी रोलचे नाव जोडावे. नुसते ‘वेळ’ असे नाव दुसऱ्या रोलमध्येही असू शकते, ‘बॅकअप_वेळ’ हे सहसा नसते. पासवर्डला मात्र डिफॉल्ट मूल्य मुळीच देऊ नये. रोलच्या ‘मेटा’ फोल्डरमधील ‘आर्ग्युमेंट_स्पेक्स’ या फाइलमध्ये तो आवश्यक म्हणून नोंदवावा, म्हणजे तो दिला नसल्यास रोल सुरुवातीलाच थांबतो. ही सोय अ‍ॅन्सिबल-कोअर २.११ पासून आहे.

वेळक्षेत्राचे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. भाड्याने घेतलेला सर्व्हर पुष्कळदा यूटीसीवर (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असतो. त्यावर रात्री दोनचा बॅकअप लावला, तर तो आपल्या सकाळी साडेसातला, म्हणजे दूध संकलनाच्या नोंदी चालू असताना सुरू होतो. म्हणून क्रॉनच्या (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सेवेच्या) टास्कच्या आधी वेळक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ करणारा टास्क घ्यावा. वेळक्षेत्र बदलल्यावर क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करावी लागते आणि ते काम हँडलरकडे द्यावे, कारण हँडलर खरोखर बदल झाला तरच चालतो. या सेवेचे नाव उबुंटू आणि डेबियनवर ‘क्रॉन’ असते, तर रेड हॅटच्या कुटुंबात ‘क्रॉनडी’. रोल दोन्हीकडे चालवायचा असेल, तर हा फरक व्हेरिएबलमध्ये काढावा. शिवाय वेळक्षेत्राचे मॉड्यूल (एखादे काम करणारा तयार भाग) ‘कम्युनिटी.जनरल’ या दुसऱ्या कलेक्शनमध्ये असल्याने ते अवलंबित्व नोंदवणे भाग आहे.

ती नोंद ‘गॅलक्सी.वायएमएल’ या फाइलमध्ये होते. नेमस्पेस, नाव, आवृत्ती, रीडमी आणि लेखक ही माहिती तेथे सक्तीची आहे. परवाना आणि वर्णनही भरावे. कलेक्शनच्या ‘मेटा/रनटाइम.वायएमएल’ मध्ये अ‍ॅन्सिबलची कोणती आवृत्ती लागते ते लिहावे. रीडमीत एक चालणारे छोटे प्लेबुक दिले, तर वापरणाऱ्याचे फोन बरेच कमी येतात.

आता ‘अ‍ॅन्सिबल-गॅलक्सी कलेक्शन बिल्ड’ दिल्यावर नेमस्पेस, नाव आणि आवृत्ती जोडून नाव असलेली टार फाइल (सर्व फाइली एकत्र बांधलेली एकच फाइल) तयार होते. ती लगेच प्रकाशित करू नये. आधी ‘टार -टीझेडएफ’ने तिच्यातील फाइलींची यादी डोळ्यांखालून घालावी. चाचणीसाठी ठेवलेली इन्व्हेंटरी, पतसंस्थेच्या सर्व्हरचे आयपी पत्ते किंवा एखादी खासगी की आत गेली असेल, तर ती येथेच सापडते, ‘गॅलक्सी.वायएमएल’मधील ‘बिल्ड_इग्नोर’ या यादीत अशा फाइली घालून ‘--फोर्स’सह पुन्हा बिल्ड करावे. गॅलक्सीवर एकदा चढवलेली आवृत्ती बदलता येत नाही आणि काढूनही टाकता येत नाही, म्हणून या पायरीवर घाई मला अजिबात मान्य नाही. त्यानंतर तीच टार फाइल ‘अ‍ॅन्सिबल-गॅलक्सी कलेक्शन इन्स्टॉल’ने अ‍ॅन्सिबल चालवणाऱ्या यंत्रावर बसवून एका रिकाम्या आभासी यंत्रावर प्लेबुक दोनदा चालवावे. दुसऱ्या वेळी ‘चेंज्ड’च्या पुढे शून्य दिसले पाहिजे, तसे नसेल, तर कोठेतरी योग्य मॉड्यूलऐवजी शेल कमांड वापरलेली असण्याचा संभव अधिक.

प्रकाशनासाठी गॅलक्सीच्या संकेतस्थळावरून टोकन (ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला) घ्यावे लागते. नवे टोकन घेतले की जुने रद्द होते, त्यामुळे दोघे जण एकच खाते वापरत असल्यास एकमेकांना सांगावे. टोकन थेट कमांडमध्ये लिहिले, तर ते शेलच्या इतिहासात राहते. त्यापेक्षा होम फोल्डरमधील अ‍ॅन्सिबलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवून ती फाइल फक्त स्वतःला वाचता येईल अशी करावी. चालू फोल्डरमध्ये दुसरी कॉन्फिग फाइल असेल, तर होममधली वाचली जात नाही, हे लक्षात असू द्यावे. मग पुढील कमांड पुरेशी होते:

अ‍ॅन्सिबल-गॅलक्सी कलेक्शन पब्लिश आमराई-पतसंस्था-१.०.०.टार.जीझेड

कलेक्शन सार्वजनिक करायचे नसल्यास गॅलक्सीवर जाण्याची गरजच नाही. खासगी गिट रिपॉझिटरीला टॅग लावून तेथूनही ते बसवता येते.

गिऱ्हाइकाच्या प्रकल्पात ‘रिक्वायरमेंट्स.वायएमएल’ ठेवून त्यात कलेक्शनचे नाव आणि १.०.० किंवा त्यापुढची, पण २.०.० च्या आतली, अशी आवृत्तीची मर्यादा लिहावी. दोष काढला तर शेवटचा अंक वाढवावा, नवी सोय दिली तर मधला, आणि एखाद्या व्हेरिएबलचे नाव जरी बदलले तरी पहिला. कारण जुन्या नावाने दिलेले मूल्य नव्या रोलला दिसणार नाही, तो मुकाट्याने डिफॉल्ट उचलेल आणि बॅकअप भलत्याच पत्त्यावर जात राहील.