ध्वनिमुद्रणाच्या आदल्या संध्याकाळी : संगणकावर आवाज तुटू नये म्हणून

गायक-वादक येण्याच्या आदल्या संध्याकाळी, ज्या जोडणीवर उद्या ध्वनिमुद्रण व्हायचे आहे नेमक्या त्याच जोडणीवर, निदान अर्धा तास सलग रेकॉर्डिंग करून पाहावे. चाचणीसाठी तबल्याचा ठेका निवडू नये, कारण दोन आघातांमधल्या मोकळ्या जागेत आवाज क्षणभर तुटला तरी तो कानाला कळत नाही. सांगली-मिरजेकडच्या माणसाला यासाठी दूर जायला नको. मिरजेचा एखादा चांगल्या जवारीचा (म्हणजे तारांच्या घुमाऱ्याचा) तंबोरा मायक्रोफोनसमोर छेडत ठेवला, की त्या अखंड नादात पडलेला काही मिलिसेकंदांचा खंडसुद्धा स्पष्ट ‘टक्’ असा ऐकू येतो.

टक् ऐकू आल्यावर लगेच सेटिंग बदलू नये. तोच भाग दोन-तीनदा वाजवून पाहावा. आवाज दर वेळी त्याच जागी तुटत असेल, तर दोष रेकॉर्डिंगमध्येच उतरलेला आहे. जागा बदलत असेल, तर फाईल शाबूत असून संगणक ती ऐकवताना मागे पडतो आहे. टक् ठरावीक अंतराने येत असेल, तर सँपल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) किंवा क्लॉक (त्या नमुन्यांची लय सांभाळणारे उपकरणातले घड्याळ) यांच्याविषयी आधी शंका घ्यावी. इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकात पोचवणारे उपकरण), रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर आणि विंडोजची ध्वनी सेटिंग या तिन्ही ठिकाणी एकच आकडा, उदाहरणार्थ 48,000 हर्ट्झ, असल्याची खात्री करावी. इंटरफेसच्या जोडीला यूएसबी मायक्रोफोन लावण्याचा मोह टाळावा, कारण दोन्ही उपकरणांची घड्याळे स्वतंत्र चालतात आणि हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

टक् अनियमित असेल, तर बफरकडे, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो त्याच्या आकाराकडे, वळावे. 48,000 हर्ट्झवर 128 सँपलचा बफर म्हणजे सुमारे 2.7 मिलिसेकंद आणि 512 चा म्हणजे सुमारे 10.7 मिलिसेकंद, तेवढ्या अवधीत पुढचा तुकडा तयार झाला नाही, की आवाज तुटतो. म्हणूनच प्रोसेसरचा वापर तीस टक्के दिसत असतानाही खंड पडू शकतो: तो आकडा सरासरीचा असतो, आणि एखाद्या ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरल्याचे त्यात दिसत नाही. असा ड्रायव्हर शोधण्यासाठी लेटन्सीमॉन हे साधन विंडोजवर चालवावे. बऱ्याचदा वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाचे नाव पुढे येते. रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय बंद ठेवावे, इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (आवाज कमी विलंबाने नेणारा) ड्रायव्हर वापरावा आणि पॉवर सेटिंगमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करावे. मोठा बफर ठेवला की गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ही तक्रार खरी आहे. पण इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असेल, तर गळ्याचा आवाज संगणकातून न फिरता थेट कानात जातो आणि बफर निर्धास्तपणे 512 ठेवता येतो. या बटणाकडे लोक विनाकारण दुर्लक्ष करतात.

इंटरफेस यूएसबी हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या पोर्टला जोडावा आणि हाताशी दुसरी केबल ठेवावी. जड प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) असलेले ट्रॅक फ्रीझ करावेत, म्हणजे प्रक्रिया झालेला आवाज तात्पुरता फाईलमध्ये उतरवून ठेवावा. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि पुष्कळदा आपला वेग आपणच कमी करतो, म्हणून चार्जर काढूनही पाच मिनिटांची चाचणी घ्यावी. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात, रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद केलेल्या बंद खोलीत, यंत्र तापूनही हाच प्रकार होतो. त्यामुळे चाचणी सकाळच्या गारव्यात न घेता, खोली तापलेली असतानाच घेणे शहाणपणाचे. चार्जर लावल्यावर येणारी संथ भुणभुण मात्र निराळी. ती अर्थिंगशी संबंधित असते आणि बफर वाढवून जात नाही.

प्रत्येक बदलानंतर तंबोऱ्याची चाचणी पुन्हा घ्यावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत टिपून ठेवावी. सलग अर्धा तास निर्दोष गेला, की सर्व सेटिंगचे फोटो काढावेत, विंडोजचे अपडेट थांबवून ठेवावेत आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत कोणतेही नवे सॉफ्टवेअर त्या संगणकावर घालू नये.