या चुका टाळा : जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतो तेव्हा

काटा अर्ध्यावर होता. पेठ नाक्यावरून साताऱ्याच्या दिशेनं हायवेला लागलो, कासेगाव मागे पडलं आणि आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. मागे आई बसलेली, वर मे महिन्याचं ऊन. पॉइंट बघितले, कार्ब्युरेटर बघितला, पंपाची नळी काढून बघितली. शेवटी टाकीच्या तोंडातून उसाच्या शेतातली एक वाळकी काडी आत घातली, तर ती कोरडीच बाहेर आली. टाकी रिकामी होती. काटा मात्र अजून अर्ध्यावरच होता.

2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या गावभागात ही गाडी पाण्यात उभी होती. इंजिन उघडलं, वायरिंग बदललं, सीट नव्या केल्या. टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला कळवणाऱ्या युनिटकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. नंतर ते दुरुस्त करताना मी स्वतः चुका केल्या आणि इतरांनाही करताना पाहिलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

टाकीतली यंत्रणा साधी आहे. एका दांड्याच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाची पितळी जीभ बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत सरकते. जीभ जिथे टेकेल त्याप्रमाणे विजेचा रोध बदलतो, त्यानुसार डॅशबोर्डवरचा काटा हलतो. युनिटकडून काट्याकडे एक वायर जाते आणि परतीची वाट टाकीच्या पत्र्यातून, बॉडीतून असते. ही परतीची वाट लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काटा हलत नाही म्हटल्यावर थेट टाकी खोलायला बसणं. आधी दहा मिनिटांची तपासणी करा. युनिटवर काम करताना जवळ पेट्रोलचा वास येत असेल तर थांबा, आधी गळती शोधा. वास नसेल तर किल्ली बंद ठेवून युनिटवरची वायर काढा, ती कशालाही टेकणार नाही अशी ठेवा आणि मग किल्ली फिरवा. काटा एका टोकाला जाईल. किल्ली बंद करा, त्या वायरला दुसऱ्या वायरचा तुकडा जोडून बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला घट्ट धरा, पुन्हा किल्ली फिरवा. आता काटा दुसऱ्या टोकाकडे निघायला हवा. कुठल्या वेळी फुल आणि कुठल्या वेळी रिकामं, हे गाडीगणिक वेगळं असतं. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला एवढं बघायचं. फिरला तर डॅशबोर्डवरचं मीटर आणि वायर ठणठणीत आहेत, दोष टाकीकडे आहे. नाही फिरला तर टाकीला हात लावायचं कारणच नाही. वायर जोडणं-सोडणं प्रत्येक वेळी किल्ली बंद असतानाच करा, म्हणजे ठिणगी पडत नाही. आणि वायर बॉडीला फार वेळ टेकवून ठेवू नका. काही मीटर आतली पट्टी तापवून काटा हलवतात, त्यांचं वेटोळं थेट करंटानं जळतं. काटा निघालेला दिसला की किल्ली बंद.

पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकाच वेळी बिनसले असतील तर युनिट निर्दोष असण्याची शक्यता जास्त. 1960 च्या दशकापासूनच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत डॅशबोर्डमागे व्होल्टेज स्टॅबिलायझरची एक चपटी डबी असते. ती सरासरी 10 व्होल्ट पुरवते आणि दोन्ही काटे तिच्यावरच चालतात. तिची अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली जोडणी सुटली की दोन्ही काटे वर चढतात.

आता टाकीची अर्थिंग, म्हणजे तीच परतीची वाट. इथे मी दोन रविवार घालवले. टाकी घासून, आतून-बाहेरून रंगवून, खाली नवे रबर घालून बसवली. नवं युनिट लावलं आणि काटा एका टोकाला जाऊन बसला. युनिटच खराब निघालं असं समजून ते परत काढलं. खरी गोष्ट अशी की माझ्या रंगानं आणि रबरानं टाकी बॉडीपासून तोडली होती, परतीची वाटच बंद झाली होती. युनिटच्या एका स्क्रूखालचा रंग खरवडला, फूटभर वायर गोल टर्मिनल लावून चॅसिसला दिली आणि काटा हलला. मल्टिमीटर असेल तर युनिटची चकती आणि बॅटरीचं अर्थ टोक यांच्यामधला रोध मोजा. तो जवळजवळ शून्य यायला हवा. दहा-वीस ओहम दिसले तर काटा कायम चुकीचा दाखवणार, युनिट कितीही महागाचं असो.

टाकी खोलायचीच असेल तर बॅटरीची वायर काढा, गाडी उघड्यावर घ्या, सकाळच्या गारव्यात काम करा. रिकामी टाकी सुरक्षित असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय आणि तो फार घातक आहे. टाकीत उरलेली वाफ द्रव पेट्रोलपेक्षा पटकन पेटते. युनिटची गोल रिंग फिरवायला लोखंडी छिन्नी आणि हातोडा घेणारे मेस्त्री मी पाहिलेत. पितळी पट्टी किंवा सागवानी खुंटी घ्या, ठिणगी पडत नाही.

युनिट बाहेर आल्यावर ते टाकीपासून दूर नेऊन दोन वायरींनी मल्टिमीटरला जोडा आणि दांडा अगदी सावकाश वर-खाली करा. आकडा सलग वाढत किंवा घटत गेला पाहिजे. मध्येच उडाला तर तिथे तार तुटलेली किंवा गंजलेली आहे. माझ्या जुन्या युनिटचा दांडा अर्ध्यावर येऊन अडत होता. भिंगातून पाहिलं तर पुराच्या गाळाची तांबूस पुटं तारेच्या फटींत बसलेली होती आणि जिभेचं टोक त्यातच रुतलं होतं. मऊ ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरनं ते सुटलं. सँडपेपर चुकूनही लावू नका, ती तार केसासारखी असते.

तार तुटली असेल तर सांगली-मिरजेत पहिला विचार मोटार रिवाइंडिंगवाल्याचा येतो. गावोगावी उसाच्या पाण्याच्या मोटारी भरणारी कसबी मंडळी आहेत, हात सफाईदार. पण त्यांच्याकडची तार तांब्याची. तांब्याचा रोध इतका कमी की काटा हलणारच नाही, शिवाय तिच्यावरच्या वार्निशमुळे जीभ टेकूनही संपर्क होत नाही. इथे नायक्रोमसारखी रोधाची तार लागते, तीही मूळच्याच जाडीची आणि तितक्याच वेढ्यांची. टाकीच्या आकाराप्रमाणे काही युनिटांची पट्टी एका बाजूला निमुळती असते, तो उतार बिघडला तरी काटा चुकतो.

फ्लोट काढून कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरलंय. तो गरम पाण्याच्या भांड्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतील. पण चूल किंवा शेगडी जवळ नको, पाणी दुसरीकडे तापवून आणा. आत पेट्रोल असताना त्याला गरम सोल्डरिंग आयर्न किंवा ज्योत लावली तर तो फुटतो. आधी सगळं पेट्रोल बाहेर काढा, गरम पाण्यानं आतून धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा. डागही अगदी थेंबभरच द्या. जास्त कथील बसलं की फ्लोट जड होतो आणि काटा नेहमी कमी दाखवतो. नवा मिळत असेल तर सरळ नवाच घ्या.

ऑनलाइन मिळणारं ‘युनिव्हर्सल’ युनिट घेण्याआधी त्याचे ओहम वाचा. काही युनिटं रिकाम्याला 240 आणि फुलला 33 ओहम देतात, काही युरोपियन युनिटं रिकाम्याला 10 आणि फुलला 180. तुमच्या मीटरला दुसरा क्रम हवा असेल तर काटा उलटा चालेल. म्हणून जुनं युनिट भंगारात टाकण्याआधी त्याची दोन टोकं मोजून लिहून ठेवा. युनिटवर दोन वायरी असतील तर एक काट्याची, दुसरी रिझर्व्हच्या दिव्याची. काढतानाच खूण करा.

गॅस्केट हा आता जास्तच नाजूक विषय झालाय. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं, आणि ते बनवणारे साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात आहेत. जुन्या काळचं रबर आणि बूच या मिश्रणासाठी केलेलं नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर ते पाणी तळाशी बसतं आणि युनिट गंजवतं. सायकलच्या ट्यूबचं गॅस्केट कापू नका, पेट्रोलमध्ये ते फुगतं. सिलिकॉनचा लेपही नको, तोही टिकत नाही. नायट्राइल किंवा व्हिटॉनचं गॅस्केट मागा.

बसवताना फ्लोटचा दांडा टाकीतल्या आडव्या पत्र्याला किंवा पेट्रोल ओढणाऱ्या पिकअपच्या नळीला अडत नाही ना, हे हलकेच फिरवून पाहा. काटा जुळवायला दांडा वाकवायचा असेल तर टाकी रिकामी असताना जुळवा. फुलचा आकडा थोडा चुकला तरी चालतो, रिकाम्याचा चुकला तर घाटात अडकाल.

सगळं झाल्यावर मी पाच-पाच लिटर मोजून पेट्रोल घातलं. प्रत्येक वेळी गाडी सपाट जागेवर उभी केली, काटा कुठे थांबतो ते वहीत टिपलं आणि एका लाकडी पट्टीवरही खुणा केल्या. काटा सावकाश चढतो, म्हणून दर खेपेला पूर्ण एक मिनिट थांबलो. ती पट्टी आता डिकीत, स्टेपनीच्या बाजूला असते.